विहिरीचा कागद

मागच्या दिवाळीत आमचं गावाकडचं घर पाडायचं ठरलं आणि माळा रिकामा करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. कारण काय, तर "तू तसाही दिवसभर बसूनच असतोस". पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली तरी घरच्यांच्या मते आपला जॉब एवढाच. असो.

माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली. आत लाल फडक्यांत बांधलेले कागद, सगळे मोडीत. आत्या म्हणाली, "अशा अजून दोन होत्या. एक वाळवीने खाल्ली, एक आईने बंबात घातली." वर हेही सांगितलं, की पाणी छान तापायचं.

मी उत्साहाने सगळी फडकी सोडली, धूळ झटकली, कागद आकाराप्रमाणे लावले आणि मोबाईलवर स्कॅन करून टाकले. एका संध्याकाळीत डिजिटायझेशन पूर्ण! मग ट्रंक घेऊन धुळ्याला गेलो, राजवाडे संशोधन मंडळात. घरापासून तासाभराच्या अंतरावरच्या या जागेत मी त्याआधी एकदाच गेलो होतो. शाळेच्या सहलीत. तेव्हा जुन्या मूर्ती बघितल्या होत्या आणि पुढे भेळ मिळणार का, याची चौकशी केली होती.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे नावाचा माणूस आपल्याला परीक्षेपुरता माहीत असतो. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, एकूण बावीस खंड झाले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं, वगैरे वगैरे. पण हे खंड आले कुठून? तर लोकांच्या माळ्यांवरून. हा माणूस गावोगाव, वाड्यावाड्यांत जाऊन लोकांची दप्तरं मागत फिरला. कुणी देत, कुणी दारातूनच वाटेला लावत. कागद बाहेर गेले तर आपलं वतन जाईल, जुनं भांडण उकरलं जाईल, अशी धास्ती. शेवटी ३१ डिसेंबर १९२६ ला राजवाडे धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, तिथल्या मंडळींनी त्यांच्या नावाने हे मंडळ उभं केलं. राजवाड्यांचे स्वतःचे कागद सांभाळले, आजूबाजूच्या गावांतून पोथ्या, मूर्ती, नाणी जमवली, १९३२ पासून 'संशोधक' नावाचं नियतकालिक चालवलं. सगळं पुण्यामुंबईपासून लांब, जिल्ह्याच्या गावात.

तर तिथे मला मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक भेटले. मी अभिमानाने सांगितलं, "सर, सगळं स्कॅन केलंय."

"छान. कुठला कागद कुठल्या रुमालात होता?"

रुमाल म्हणजे ते लाल फडकं. दप्तर बांधायच्या कापडाला रुमालच म्हणतात. एका रुमालातले कागद बहुतेक एका प्रकरणाचे असतात. हिशोबाचा एक, जमिनीचा एक. कुठला कागद कुणाशेजारी होता यावरून निम्मा अर्थ लागतो. आणि मी ते सगळे आकाराप्रमाणे लावले होते. म्हणजे डेटा जपला आणि त्यांच्यातली नाती एका संध्याकाळीत डिलीट केली. ज्युनियरने प्रॉडक्शनवर असं काही केलं असतं तर मी त्याला काय काय बोललो असतो...

सर काही बोलले नाहीत. वाचायला बसले.

मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जातात. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, शब्द कुठे तुटतो ते आपण ओळखायचं. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी आली तेव्हा मी ऑफिसात ती बातमी सगळ्यांना पाठवली होती. पण फॉन्ट आला म्हणून पणजोबांचं अक्षर लागत नाही. तारखांचीही तीच गत. पेशवाईतले कागद सुहूर सनात, आकडे अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. एकक आधी, हजार शेवटी. चक्क लिटल एंडियन! वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून मृग ते डिसेंबर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे ६००. पानिपत याच सनातलं, १४ जानेवारी १७६१, म्हणून तिथे ६००. मी खूश होऊन नोट्स काढत होतो, तेवढ्यात सर म्हणाले, "हा तुमच्या विहिरीचा दिसतो."

आता विहिरीबद्दल सांगायला हवं. शेजारच्या घराने आमची विहीर लाटली, हे आमच्या घरात लहानपणापासून शिकवलं जातं. बाबांच्या पणजोबांना दारू पाजली आणि कागदावर अंगठा घेतला, अशी कथा. त्यावरून दोन घरांत लग्नकार्याचं जाणं-येणं नाही. एकदा त्यांच्या मुलाबरोबर क्रिकेट खेळलो म्हणून मी मार खाल्लाय.

कागद १९०० सालचा. छप्पन्नच्या दुष्काळाचं वर्ष, खानदेशात माणसं आणि गुरं दोन्ही पटापट मेली तो काळ. खरेदीखत. लिहून देणार एक बाई, नावापुढे 'कोम' आणि नवऱ्याचं नाव, त्याच्यामागे 'मयत'. म्हणजे ज्यांना दारू पाजली म्हणतात ते पणजोबा तेव्हा जिवंतच नव्हते. त्यांच्या विधवेने विहिरीचा हिस्सा विकला होता. रक्कम रोख पोचली, तक्रार नाही, पोटाकरिता आणि मुलाकरिता विकली, असं स्वच्छ लिहिलेलं. खाली सहीच्या जागी एक लहानसं वर्तुळ.

"निशाणी बांगडीची," सर म्हणाले. "पुरुष नांगर काढायचे. बाईची सही बांगडी."

तो मुलगा म्हणजे बाबांचे आजोबा. तो जगला म्हणून आम्ही आहोत. आणि जिने जगवला तिचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या वंशावळीत सगळे पुरुष.

रात्री बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाकीचे कागद दे मंडळाला. हा राहू दे घरात."

मी राजवाड्यांवर लेक्चर द्यायला सुरुवात केली. जे कागद लोकांनी दिले त्यांचाच इतिहास झाला, वगैरे. बाबा म्हणाले, "तू दे ना मग. आधी शेजारी जाऊन वाचून दाखव आणि मग दे."

मी गेलो नाही. खरंच सांगतो, पाय उचलला नाही. शंभर वर्षांपूर्वी राजवाड्यांना दारातून परत पाठवणारी माणसं मला आतापर्यंत अडाणी वाटायची. त्या संध्याकाळी आम्ही दोघं त्याच दारात उभे होतो, आतल्या बाजूला.

तेव्हापासून अशा संग्रहात गेलो की कपाटातल्या रुमालांपेक्षा न आलेल्या रुमालांचाच विचार येतो. सगळेच काही बंबात गेलेले नसतात. काही आमच्यासारख्यांच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, साड्यांच्या खाली असतात.

बाबांनी एक मात्र केलं. दुसऱ्या दिवशी वंशावळीची वही काढली, चष्मा लावला आणि पणजोबांच्या नावाशेजारी तिचं नाव लिहिलं. शाईने.

या दिवाळीला पुन्हा विचारणार आहे. बाबांना, आणि जमलं तर शेजारीही.