माळाचे ऊन, किनवटची सावली आणि लांब पल्ल्याची लेन्स

लातूर सोडून चाकूर, अहमदपूर, लोहा करीत एस.टी. नांदेडकडे निघाली की दोन्ही अंगांना काळी राने आणि उघडा माळ लागतो. हरभऱ्याच्या रानात कधी काळविटांचा कळप दिसला की गाडीतली माणसे खिडकीकडे सरकतात. आमच्यासोबत लग्नाचे फोटो काढून घर चालवणारा एक तरुण होता. दोन हंगामांची शिल्लक गाठीला बांधून जनावरांच्या फोटोंसाठी मोठी लेन्स घ्यावी, असे त्याच्या मनात होते. कोणती, हे दुकानात ठरवण्याआधी रानातला उजेड पाहावा म्हणून आम्ही निघालो.

लेन्सवर दोन आकडे असतात. ३०० मि.मी. हा पल्ला. एफ/४, एफ/५.६ हा उजेडाचा आकडा. तो जितका लहान तितके दार मोठे. एफ/५.६ पेक्षा एफ/२.८ मधून चौपट उजेड आत येतो. पण ३०० मि.मी.ला एवढे दार ठेवायचे तर पुढची काच सुमारे १०७ मि.मी. रुंद लागते, वजन आणि किंमत तिथेच चढते. नव्या ४०० मि.मी., एफ/२.८ लेन्सची किंमत ट्रॅक्टरच्या घरात जाते. ती आपल्या घरांसाठी नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माळावर सकाळी आठनंतर उजेडाची ददात नसते. तिथे ७०-३०० ची साधी झूम लेन्सही पळत्या काळविटाला एक हजारांश सेकंदात धरते. अडचण अंतराची. काळवीट बैलगाडीला सरावलेले असते, पायी चालून येणाऱ्या माणसाला मात्र बिचकते. म्हणून गाडीतच बसून राहावे. मागे लागू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. आणि दुपारी बारानंतर जमिनीची वाफ चित्रात थरथरते. लेन्स जितकी लांब तितकी थरथर जास्त, तेव्हा लिंबाच्या सावलीत बसून भाकर खावी.

नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरीचे पाणी संध्याकाळी लखलखते आणि पाणकावळा नुसता काळा ठिपका होतो. तिथे सूर्य पाठीशी घेऊन उभे राहणे हाच उपाय.

खरी परीक्षा किनवटला. नांदेडहून मुदखेड, भोकर, हिमायतनगर करीत आदिलाबादकडे जाणारी रेल्वे सागाच्या जंगलात शिरते. उन्हाळ्यात सागाची पाने गळून रान उघडे पडते. पावसाळ्यात तीच पाने सुपाएवढी होतात आणि खाली भरदिवसा संध्याकाळ वाटते. समजा, अशा सावलीत एफ/५.६ ला एक साठांश सेकंद मिळाला. नीलगायीने कान हलवला तरी चित्र पुसट. एफ/२.८ ला तिथेच अडीचशेवा भाग मिळतो. काही लेन्समध्ये हाताची थरथर आवरणारी यंत्रणा असते, पण ती जनावराची हालचाल थांबवत नाही. ३६ फोटोंच्या रोलच्या काळात एकदा चारशेचा रोल भरला की संपेपर्यंत तोच. आता डिजिटल कॅमेऱ्यात फोटोगणिक आयएसओ वाढवता येतो. दाणे उमटतात, पण हललेल्या चित्रापेक्षा दाणेदार चित्र बरे.

जंगलात फिरलो तेव्हा त्याने दोन्ही लेन्स भाड्याने आणल्या होत्या, आणि आमचे मत तिथेच बनले. वर्षातून दहा दिवस रानात जाणाऱ्याने ६०० मि.मी.च्या मागे लागू नये. ७०-२०० ची एफ/२.८ घ्यावी, जुनी मिळाली तरी चालेल, आणि सोबत १.४ पटीचा कन्व्हर्टर. तो लावला की २८० मि.मी. आणि एफ/४ मिळते. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर चौकट ४२० मि.मी.सारखी दिसते. दोन पटीचा कन्व्हर्टर नको, तो पाऊण उजेड खातो. मुख्य म्हणजे हीच लेन्स रात्रीच्या मांडवात हळद-अक्षदांचे फोटो काढते, म्हणजे स्वतःचे पैसे स्वतः फेडते. माळावर थोडे दूरचे चित्र मिळेल, तेवढे सोसावे.

टेकण म्हणून तीनपायी स्टँड नसला तरी जाड कापडाच्या पिशवीत दोन किलो तूर भरून गाडीच्या खिडकीवर ठेवावी, लेन्स तीवर छान बसते. जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून पाहा. काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, मग कितीही स्वस्त असो, परत द्या.