मोनो, डाय आणि स्वारगेटचा धूर

स्वारगेटच्या सिग्नलला थांबलेल्या पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड एकत्रच बाहेर पडतात. दोघांत फरक ऑक्सिजनच्या एका अणूचा. पण पहिला रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो, आणि दुसरा आपण प्रत्येक उच्छ्वासाला सोडतो. पीयूसीच्या तपासणीत पेट्रोल गाडीला हिशेब द्यावा लागतो तो पहिल्याचा. इथे ‘मोनो’ आणि ‘डाय’ यांची गल्लत जिवावर बेतू शकते. मग मिठाला सोडियम मोनोक्लोराइड का म्हणत नाहीत? संयुगांची नावं यादीसारखी घोकून घेणाऱ्यांकडे ‘तसा नियम आहे’ एवढंच उत्तर असतं. माझं म्हणणं असं, की अणूच्या रचनेवरून जे आपोआप कळतं ते रासायनिक नाव सांगत बसत नाही. जे कळत नाही तेवढंच सांगतं.

सोडियमचा अणुअंक ११, इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १. बाहेरचा एकुलता इलेक्ट्रॉन सुटला की आतलं अष्टक उघडं पडतं. क्लोरीनच्या २, ८, ७ ला नेमका एकच कमी असतो. एक देणारा, एक घेणारा. प्रमाण ठरूनच गेलं. कॅल्शियम दोन देतो, म्हणून कॅल्शियम क्लोराइडमध्ये क्लोरीन दोन असूनही ‘डाय’ लागत नाही. कार्बन आणि ऑक्सिजन मात्र इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण न करता भागीदारी करतात, आणि ती एकाहून अधिक प्रकारे जमते. (संयुजांची अदलाबदल करून सूत्र लिहिण्याची शाळेतली युक्ती इथे कार्बन डायऑक्साइडच देते, मोनॉक्साइड तिच्या हाती कधीच लागत नाही.) तिथे संख्या नावातच घालावी लागते. शिशाची तऱ्हा आणखी वेगळी. डिझेल बसच्या बॅटरीत एका पट्टीवर शिसं असतं, दुसरीवर त्याचं ऑक्साइड. त्या ऑक्साइडात हिशेबापुरते शिशाने चार इलेक्ट्रॉन दिलेले असतात. बॅटरी उतरताना दोन्ही पट्ट्यांवर जे लेड सल्फेट साचतं, त्यात दोनच. एकच धातू दोन प्रकारे वागतो म्हटल्यावर नाव लिहिताना त्याच्यापुढे कंसात रोमन आकडा द्यावा लागतो. सोडियमला तो कुणी देत नाही, कारण द्यायची गरजच नाही.

यावर इतिहासाकडे बोट दाखवता येईल. लव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नामकरणाची पद्धत मांडली १७८७ मध्ये. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये. मग नावं इलेक्ट्रॉनांवरून आली असं कसं म्हणायचं? आक्षेप रास्त आहे, आणि मी तसं म्हणतही नाही. त्या रसायनज्ञांकडे तराजू होता. १२ ग्रॅम कार्बनशी एका वायूत १६ ग्रॅम ऑक्सिजन जोडलेला असतो, दुसऱ्यात ३२; ही एकास दोनची पट डाल्टनने अणूंच्या मोजणीत बसवली. मोजणी आधी झाली, तिचं कारण नंतर कळलं. पण शोधाचा क्रम हाच शिकण्याचा क्रम असला पाहिजे, असं थोडंच आहे? आठवीत ‘अणूचे अंतरंग’ शिकलेल्या मुलाजवळ ते कारण आधीच असतं. नावांशी त्याची सांगड घालून देणं तेवढं राहून जातं.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे. पीएमपीच्या सीएनजी बसच्या टाकीत मुख्यतः मिथेन असतो. त्यात एका कार्बनला चार हायड्रोजन, तरी नावात ‘टेट्रा’ नाही. मग नियम मोडला का? उलट, तो इथेच सर्वांत काटेकोरपणे पाळला आहे. ‘मिथ’ म्हणजे एक कार्बन आणि शेवटचा ‘एन’ म्हणजे सगळे बंध एकेरी. कार्बनच्या बाह्य कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात हे ठाऊक असलं की हायड्रोजन किती, हे सांगावं लागत नाही. पाणी आणि अमोनिया मात्र या तर्कात बसत नाहीत. ती जुनी, रुळलेली नावं आयुपॅकनेही चालू ठेवली आहेत. ती पाठच करावी लागतात, आणि सुरुवातीच्या अभ्यासक्रमात अशी नावं बोटांवर मोजण्याइतकीच असतात.