उरलेला डबा

फेब्रुवारीच्या शेवटी, हळदीची काढणी ऐन भरात असताना, गावातली एक बाई आमच्या दारात आली. म्हणाली, "ताई, लेकराच्या दुधाचा डबा उरलाय म्हणं तुमच्याकडं. टाकून देणार असाल तर मला द्या."

मी बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी, हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात आले होते. माझी मुलगी तेव्हा दोन महिन्यांची, तिचा मुलगा तीन महिन्यांचा. डबा फळीवरच होता, निम्म्याहून जास्त भरलेला. मी म्हणाले, "उद्या बघते."

डबा घरात आला तो पहिल्याच आठवड्यात. मुलीचं वजन कमी, मला दूध पुरेसं येईना. दवाखान्यातून चिठ्ठी मिळाली, बाबांनी मेडिकलमधून डबा आणला. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं की आईचं दूधच बाळासाठी सर्वोत्तम. रडणारं बाळ मांडीवर घेऊन ते वाचताना वाटलं, हा डबा मला टोमणा मारतोय. नंतर कळलं की ते वाक्य कंपनीच्या मनाचं नसतं, कायद्यानं छापावं लागतं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं या दुधाच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. आपल्याकडे १९९१ मध्ये वर्ध्याला स्तनपानाचा प्रसार करणाऱ्या कार्यकर्त्यांचं 'बीपीएनआय' हे देशव्यापी जाळं उभं राहिलं, आणि १९९२ मध्ये कायदा झाला. जाहिरात, फुकट नमुने, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र, या सगळ्याला बंदी आली. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला.

सूचना मात्र बारीक अक्षरांत होत्या. तीस मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा. आई मला न सांगता साठ मिलिलिटरला एक घालत होती. "घट्ट दूध जड पडतं लेकराला," असं तिचं म्हणणं. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं तेव्हा मी तिच्यावर ओरडले. खरं तर मीही चुकतच होते. ही भुकटी निर्जंतुक नसते. चांगल्या डब्यातही क्वचित क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या सूचनांनुसार उकळलेलं पाणी ७० अंशांच्या खाली जाण्याआधीच त्यात भुकटी घालायची, मग दूध गार करून लगेच पाजायचं, दोन तासांत संपलं नाही तर फेकायचं. मी पाणी कोमट होऊ देऊन मगच भुकटी घालत होते.

डब्याच्या दुधाची भीती म्हटली की आपल्याला कारखाना आठवतो. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळलं गेलं, सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. २०२२ मध्ये अमेरिकेत जंतूंच्या संशयावरून मिशिगनमधला एक मोठा कारखाना बंद ठेवावा लागला आणि देशभर डब्यांची टंचाई झाली. पण कारखान्यातून नीट आलेला डबाही आमच्या घरात, शिकलेल्या माणसांच्या हातात, दोनदा बिघडला होता. माझ्या कामात एक साधा नियम आहे: सगळे वापरणारे एकच चूक करत असतील तर दोष वापरणाऱ्यांचा नसतो.

सुदैवानं मला आठ-दहा दिवसांत दूध आलं आणि डबा फळीवर गेला.

तो तिला देण्यासारखा नव्हताच. उघडल्यावर महिन्याभरात संपवायचा असतो, त्याला दोन महिने होत आले होते. नवा घेऊन देता आला असता. पण पूर्ण याच्यावरच असलेल्या तीन महिन्यांच्या बाळाला चारशे ग्रॅमचा डबा पाच दिवसही धड पुरत नाही, आणि तिच्या एका दिवसाच्या मजुरीत तो येत नाही. पुढचे डबे कोण आणणार? मग तीही पाणी वाढवणार, आईपेक्षा जास्त सबळ कारणानं.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी विचारलं, "डबा कामून पाहिजे? दूध येत नाही का?"

"येतंय की. पदर भिजतो. पण मी वावरात आन् लेकरू घरी."

"कुणाच्या वावरात?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याच."

मला सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा होती. कामावर परतल्यावरही मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला वेळ द्यावा, असं कायदा सांगतो. आमच्या शेतात असं काही नव्हतं.

बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "मी कुणाला अडवलंय?" तेही खरं होतं. काढणी उक्ती दिलेली. एक बाई बसली की बाकीच्यांवर काम पडतं, म्हणून टोळीच नाराज होते. तीन दिवस घरात कुरबुर झाली. शेवटी बाबांनी टोळीत आणखी एक बाई घ्यायला सांगितलं, तिची मजुरी वेगळी देऊन. लिंबाच्या झाडाला झोळी बांधली गेली. आई म्हणाली, "पुढच्या साली सगळ्याच लेकरं घेऊन येतील." कुणी काही बोललं नाही.

डब्यातली भुकटी मी उकिरड्यावर टाकली.

आमची काढणी संपली आणि ती टोळी दुसऱ्याच्या वावरात गेली. मे महिन्यात मी पुण्याला परतले. एकदा फोनवर आईला त्या मुलाबद्दल विचारलं.

"बरं आहे की," आई म्हणाली. "शेळीचं दूध चालू केलंय म्हणं. पाणी घालून."