गाळाचा उगम

रासायनिक कारखान्यांच्या प्रदूषणाची चर्चा निघाली की तिचा सारा रोख कारखान्याच्या पिछाडीस, सांडपाण्याच्या नळाच्या तोंडाशी जाऊन थांबतो. परंतु रंगोद्योगास लागणारी इंटरमीजिएट रसायने बनविण्यात ज्याची हयात गेली, अशा माझ्यासारख्या तंत्रज्ञास हे सांगणे अगत्याचे वाटते की, त्या नळातून काय वाहावयाचे याचा निवाडा बव्हंशी कागदावर समीकरण मांडले जाते तेव्हाच झालेला असतो.

नायट्रोबेन्झीनपासून ॲनिलीन करण्याची क्रियाच पाहा. १८५४ साली आंत्वान बेशां या फ्रेंच रसायनज्ञाने लोखंडाचा चुरा आणि आम्ल यांच्या योगाने हे क्षपण (रिडक्शन) साध्य केले, आणि त्यानंतर अल्पावधीतच इंग्रज रसायनज्ञ पर्किन याच्या जांभळ्या रंगाचा कारखाना याच क्रियेच्या आधाराने उभा राहिला. समीकरणाचा हिशेब असा की, क्रिया तंतोतंत पार पडली तरीही १ किलो ॲनिलीनमागे सुमारे १.३५ किलो लोखंड खर्ची पडते आणि सुमारे १.८७ किलो लोहऑक्साइड पदरी येते. म्हणजे मालापेक्षा गाळच अधिक! प्रत्यक्षात चुरा जादा घालावा लागतो, आणि गाळ ओला निघतो, तो हिशेब वेगळाच.

हे काम करणाऱ्या कामगारांच्या कौशल्याविषयी मला नितांत आदर आहे. बिडाच्या भांड्यात फावड्याने थोडा थोडा चुरा सोडावयाचा, कारण घाई केली तर फेस उसळून झाकणाबाहेर येतो. गाळणकागदावर थेंब टाकून त्याच्या कडेला उमटणाऱ्या वर्तुळावरून नायट्रोबेन्झीन संपले की नाही हे ताडावयाचे. पुढे सोडा ॲश घालून, सोडियम सल्फाइडच्या थेंबाने काळा डाग पडत नाही, म्हणजे विरघळलेले लोह उरले नाही, अशी खातरजमा करून सर्व गरम असतानाच गाळून घ्यावयाचे. एवढी दक्षता बाळगूनही जो काळा गाळ उरतो, त्याला ॲनिलीनसारखे विषारी अमाइन चिकटून राहतेच. जर्मनीत लाऊक्स या रसायनज्ञाने क्रियेत फेरफार करून या गाळाचेच विकाऊ रंगद्रव्य बनविले, ही मोठीच करामत होय; पण लहान कारखान्यांचा गाळ सहसा त्या योग्यतेचा नसतो.

असा गाळ उघड्यावर पडला तर काय होते, हे राजस्थानातील उदयपूरनजीकच्या बिछडी गावाने सोसले. तेथे एच-ॲसिड हे रंगांसाठी लागणारे इंटरमीजिएट तयार होत असे, आणि त्याच्याही वाटेत हेच लोखंडी क्षपण लागते. मालाच्या कित्येक पट गाळ साचला, त्यातील विष जमिनीत मुरले, विहिरी नासल्या. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण-संशोधन संस्थेने तेथे पाहणी केली, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने जो प्रदूषण करील त्यानेच भरपाई द्यावी असा निकाल दिला. न्याय झाला खरा. परंतु निकालपत्राने विहीर गोडी होत नाही.

लोखंडाऐवजी निकेलसारख्या उत्प्रेरकाच्या सान्निध्यात हायड्रोजन वापरला, तर गाळाच्या जागी उरते ते पाणी, आणि तेही १ किलो ॲनिलीनमागे ४०० ग्रॅमहून कमी. त्या पाण्यावरही प्रक्रिया करावी लागते, पण गाळाचा डोंगर मात्र उभाच राहत नाही. मोठ्या ॲनिलीन कारखान्यांनी हा मार्ग केव्हाच पत्करला. मग कोकणातील लहान कारखानदार लोखंडालाच का धरून राहतात? त्यांना निष्काळजी ठरविणे मला अन्यायाचे वाटते. हायड्रोजनेशनमध्ये उष्णता प्रचंड निघते; दाब सोसणारे भांडे महाग; रेने निकेल हा उत्प्रेरक कोरडा पडला तर हवेत आपोआप पेट घेते; आणि रेणूवर क्लोरीन असेल, तर उत्प्रेरक जपून न निवडल्यास तो क्लोरीनही गळून पडतो. अर्धवट तयारीने हायड्रोजन हाताळण्यापेक्षा लोखंड बरे, हे मीही सांगेन.

म्हणूनच माझी मागणी अशी आहे की, औद्योगिक वसाहतींत सांडपाण्यासाठी जशी सामुदायिक केंद्रे उभारली गेली, तशीच महाड, लोटे, तारापूर येथे सामुदायिक हायड्रोजनेशन केंद्रे उभारावीत. कारखानदाराने आपले नायट्रो द्रव्य तेथे पोचवावे आणि मजुरी भरून अमाइन परत न्यावे. धंद्याचे गुपित फुटेल ही त्याची धास्ती खोटी नव्हे, तेव्हा त्याविषयीचे करारनामे कडक असले पाहिजेत. आणि सरकारी अनुदान केवळ यंत्रसामग्रीवर खर्ची न घालता, रात्रपाळीस तापमान चढू लागताच हायड्रोजनचा पुरवठा तोडण्याचा अधिकार व अक्कल दोन्ही असलेला कामगारवर्ग तयार करण्यासाठी आधी राखून ठेवले पाहिजे.