मालिका कुठून सुरू करावी? 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आणि पडण्याची वही



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही, व्हिडिओ गेमचा आहे. पण नाक मुरडू नका, कारण गेमच्या निमित्ताने मला बोलायचंय ते चुकांना घाबरणाऱ्या मुलांविषयी. असं एखादं मूल तुमच्याही वर्गात किंवा घरात असेलच.

२००१ नंतर एमएस-सीआयटीचा क्लास केलेल्या अनेकांना तो आठवत असेल. सर बाहेर गेले की स्क्रीनवर पांढऱ्या कपड्यातला छोटा माणूस तळघरातून पळायला लागायचा. तोच 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो जवळपास एकट्याने बनवला आणि १९८९ मध्ये तो ॲपल २ या कॉम्प्युटरवर आला. आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याने व्हिडिओ काढला आणि एकेक चित्र त्यावरून गिरवलं. म्हणून तो राजपुत्र खऱ्या माणसासारखा पळतो, धडपडतो.

पुढे या एका गेमची मोठी मालिका झाली. १९९३ ला दुसरा भाग, १९९९ ला तिसरा. २००३ ला 'सँड्स ऑफ टाइम' आला आणि गोष्ट नव्याने सुरू झाली. मग २००४ ला 'वॉरियर विदिन', २००५ ला 'टू थ्रोन्स', २००८ ला पुन्हा वेगळाच राजपुत्र, २०१० ला 'फरगॉटन सँड्स' आणि २०२४ ला 'द लॉस्ट क्राउन'. या मालिकेला महाराष्ट्राचाही हात लागला आहे. २०२० मध्ये 'सँड्स ऑफ टाइम' नव्याने करायची घोषणा झाली तेव्हा ते काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. २०२२ मध्ये ते कॅनडातल्या माँट्रियलला गेलं.

एवढी लांब मालिका पाहिली की पहिला प्रश्न पडतो, सुरुवात कुठून करायची?

प्रश्न एका आईचा

हा प्रश्न मला माझ्या सहावीच्या वर्गातल्या एका मुलाच्या आईने विचारला. ती शिवणकाम करते. पालक सभा संपल्यावर मागे थांबली आणि म्हणाली, "मॅडम, ह्याच्या मामानं पुण्याहून जुना लॅपटॉप दिलाय. त्यात प्रिन्सच्या चार गेम टाकून दिल्यात. हा म्हणतो मारामारीवाली आधी लावतो. मला त्यातलं काय कळत नाही. तुम्हीच सांगा, कुठली आधी लावू द्यू? का सगळंच बंद करू?"

बंद करा म्हणणं सोपं होतं. पण मुलगा कोण होता ते माझ्या डोळ्यासमोर होतं. हुशार आहे, पण चुकायला भयंकर घाबरतो. गणित चुकलं की खोडरबरने वहीच्या पानाला भोक पडेपर्यंत खोडतो, नाहीतर पानच फाडतो. फळ्यापाशी बोलावलं की मान खाली. दिवाळीनंतर तर गणिताच्या तासाला त्याचं पोट दुखायला लागलं होतं. हळूहळू गणिताच्या दिवशी गैरहजर राहू लागला. सहावीत जे मूल असं मागे सरकतं ते आठवी-नववीत शाळाच सोडतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे कुठला गेम आधी, हा प्रश्न मला किरकोळ वाटला नाही.

डी.एड.ची सूत्रे इथेही लागू पडतात

डी.एड.ला आपण अध्यापनाची सूत्रे पाठ केली. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, सोप्याकडून कठिणाकडे. मालिकेलाही हाच नियम लावता येतो. फास्टर फेणे वाचायला देताना आपण कुठे क्रमांक बघतो? मुलाला जे पुस्तक पकडून ठेवेल ते हातात देतो. बनेश फेणे फुरसुंगीचा आहे एवढं कळलं की कुठूनही आत शिरता येतं.

'प्रिन्स'चंही तसंच आहे. क्रमाने सगळे भाग खेळायची सक्ती नाही. १९८९ आणि १९९३ ची एक जोडी आहे. २००३, २००४, २००५ अशी तिघांची सलग गोष्ट आहे आणि २०१० चा भाग त्यातल्या पहिल्या दोघांच्या मधे बसतो. २००८ चा आणि २०२४ चा स्वतंत्र आहे. म्हणजे या वाड्याला चार दरवाजे आहेत. कुठल्या दरवाजाने जायचं ते आत जाणाऱ्याकडे बघून ठरवायचं.

मी वयाकडे पाहिलंच. अमेरिकेत गेमला वयाची श्रेणी देतात. 'सँड्स ऑफ टाइम' तेरा वर्षांपुढच्यांसाठी आहे, 'वॉरियर विदिन' आणि 'टू थ्रोन्स' सतरा वर्षांपुढच्यांसाठी. पालकांनो, ही श्रेणी डब्यावर आणि दुकानाच्या पानावर लिहिलेली असते, तेवढी तरी वाचा. आमच्या गड्याला जी 'मारामारीवाली' हवी होती ती नेमकी 'वॉरियर विदिन' होती. मी आईला सांगितलं, ती आधी काढून टाका.

चूक झाली की काय होतं?

वयाइतकीच महत्त्वाची वाटलेली दुसरी गोष्ट म्हणजे चुकल्यावर हा गेम मुलाशी कसा वागतो. या मालिकेत त्याची तीन वेगळी उत्तरं आहेत.

१) १९८९ चा गेम कडक मास्तरासारखा आहे. राजकन्येला सोडवायला एकूण ६० मिनिटं. पडलात, की ती पातळी पहिल्यापासून. आणि घड्याळ मात्र थांबत नाही.

२) २००३ च्या गेममध्ये राजपुत्राकडे एक खंजीर आहे. त्यातल्या वाळूने काळ काही सेकंद मागे नेता येतो. वाळू मर्यादित आहे, पण उडी चुकली तर ती परत मारता येते. गोष्ट सांगणारा राजपुत्रच आहे, म्हणून गेममध्ये मेला की तो स्वतःलाच अडवतो, की छे, हे असं झालंच नव्हतं.

३) २००८ च्या गेममध्ये तर एलिका नावाची सोबतीण दर वेळी हात देऊन वर ओढते. मरणच नाही. फार सोपं झालं म्हणून बऱ्याच खेळाडूंनी नावं ठेवली.

आपल्या वर्गातही हे तीन प्रकार आहेत की नाही? एक परीक्षेतला पेन, एक पेन्सिल आणि खोडरबर, आणि एक शेजारी बसलेल्या बाई.

घाबरणाऱ्या मुलाला तिसरा किंवा दुसरा प्रकार द्यावा असं कुणालाही वाटेल. पण मुलगा बारा वर्षांचा होता आणि ते दोन्ही तेरा वर्षांपुढच्यांसाठी. शिवाय माझ्या मनात वेगळंच आलं. खोडरबर तर त्याच्याकडे आधीच होता. चूक पुसायची सोय त्याला नको होती. चुकीकडे डोळे उघडून बघायची सवय हवी होती.

म्हणून मी आईला सांगितलं, सगळ्यात जुना लावा. रविवारी अर्धा तास, आणि फक्त पहिली पातळी. घड्याळाकडे बघायचं नाही. जवळ एक शंभर पानी वही ठेवायची आणि राजपुत्र मेला की ती का मेला ते एका ओळीत लिहायचं. खोडायचं नाही. तिला आम्ही नाव दिलं 'पडण्याची वही'.

वहीत काय आलं

पहिल्या रविवारच्या ओळी अशा होत्या: 'पळत गेलो, पुढे खड्डा होता.' 'परत पळत गेलो.' 'फरशी हलत होती, मी तिथंच उभा राहिलो.' 'तलवार न घेता शिपायाकडे गेलो.' तिसऱ्या रविवारी: 'पळायच्या आधी एक एक पाऊल टाकून बघायचं.' ही शेवटची ओळ मी वर्गात वाचून दाखवली तेव्हा तो लाजला, पण मान खाली घातली नाही.

मग मी त्याला खर्ड्याच्या किल्ल्याची आठवण करून दिली. आमच्या तालुक्यातला हा भुईकोट, जवळच १७९५ ला मराठे आणि निजामाची लढाई झाली. सहलीला गेलो तेव्हा दरवाजातून आत गेल्यावर आपण कसे दबकत, अंदाज घेत चाललो होतो? अनोळखी भागाकार सोडवतानाही तसंच चालायचं.

त्या जुन्या गेममधली एक गोष्ट मला फार आवडते. मेकनरच्या कॉम्प्युटरची मेमरी संपत आली होती, नवा शत्रू मावत नव्हता. म्हणून त्याने राजपुत्राच्याच चित्रांत फेरफार करून त्याची सावली तयार केली. राजपुत्र आरशातून उडी मारतो तेव्हा ती बाहेर पडते आणि पुढे त्याला छळते. शेवटी ती समोर उभी राहते. तिला तलवार मारली की आपलाच जीव कमी होतो. उपाय एकच, तलवार म्यान करायची आणि तिच्याकडे चालत जायचं. मग दोघं एक होतात. मुलगा अजून तिथपर्यंत पोहोचलेला नाही, म्हणून मी त्याला हे सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

परिणाम काय झाला? गेममुळे गणित सुधारलं असं मी म्हणणार नाही. रोज भागाकाराची दोन उदाहरणं सोडवून घेतली, त्यातही पडण्याची वही ठेवली, त्याचा वाटा मोठा आहे. पण मागच्या महिन्यात तो फळ्यापाशी आला. उत्तर चुकलं. त्याने पुसलं नाही, खाली परत मांडलं. तेही चुकलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं. तिन्ही उदाहरणं तास संपेपर्यंत फळ्यावर तशीच होती. त्या दिवसापासून गणिताच्या तासाला पोट दुखलेलं नाही.

पालकांसाठी थोडक्यात

- मालिकेचा क्रमांक नंतर बघा, आधी वयाची श्रेणी बघा.
- चुकल्यावर गेम काय करतो ते पहिला अर्धा तास शेजारी बसून बघा. शिक्षा करतो, मागे नेतो की हात देतो? तुमच्या मुलाला आत्ता त्यातलं काय हवंय?
- वेळ आणि दिवस ठरवा, आणि तो मोठ्यांनीही पाळा.
- वही ठेवा. गेम नसेल तर सायकल शिकताना ठेवा, भाकरी थापायला शिकताना ठेवा.

शिक्षक मित्रांनो, नव्या वर्षात प्रत्येक मूल आपल्या हातात मालिकेच्या मधूनच येतं. मागचे भाग कसे गेले ते आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून 'पहिल्या धड्यापासून सुरू करू' म्हणायच्या आधी एकदा बघू या, हे मूल पडलं की काय करतं. सुरुवात तिथून करायची.