गुलाबी गाठी
हरभऱ्याचं रोप कधी मुळासकट अलगद उपटून पाहिलंय? मुळांवर बारीक गाठी दिसतात. रोग समजून घाबरू नका. मी इंग्रजीत बीए केलेली मुलगी. पण गाठ नखाने फोडली आणि आतला गुलाबी रंग पाहून थक्कच झाले!

तिथे रायझोबियम जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र पिकाला देतात, पीक त्यांना साखर देतं. 1888 मध्ये डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी ते वेगळे करून दाखवले. आज ते पाकिटात मिळतात. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून चोळायचं, सावलीत सुकवायचं.

आमच्याकडे युरियाची गोणी उधारीवर येते. म्हणून बाबांना मी एवढंच सांगते, आधी एक गाठ फोडून बघा. आतून गुलाबी असेल, तर जिवाणू कामाला लागलेत. तुम्हीही बघाल ना?