थांबण्याच्या जागा : पुणे ते महाड

बसने जाणाऱ्यापेक्षा मोटारसायकलने जाणाऱ्याला थांब्याचे मोल अधिक कळते. बसचा थांबा दुसऱ्या कोणी ठरवलेला असतो. दुचाकीवर मात्र कोठे उतरायचे, किती वेळ बसायचे, पाणी कोठे भरायचे, हे सारे आपल्यालाच ठरवावे लागते. शाळा सोडल्यानंतर आम्ही काही वर्गमित्र दरवर्षी थंडी ओसरू लागली की पुण्याहून भोर आणि वरंधा घाटमार्गे महाडला जातो. एका बाजूचे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. मनात आणले तर चार तासांत महाड गाठता येते. आम्हांला मात्र दिवस लागतो. स्मरणिकेसाठी लिहिताना त्या थांब्यांविषयीच लिहावे असे आम्ही ठरवले, कारण कोठे थांबावे आणि कशासाठी थांबावे, याचा विचार आम्ही या शाळेतून घेऊन निघालो आहोत.

कात्रजचा बोगदा ओलांडून सातारा रस्त्याने कापूरहोळला आले की उजवीकडे भोरची वाट फुटते. भोर मागे पडल्यावर नीरा-देवघर धरणाचा जलाशय लागतो आणि रस्ता कितीतरी वेळ त्याच्या काठाकाठाने वळत राहतो. हा आमचा पहिला थांबा. फेब्रुवारीत पाणी थोडे ओसरलेले असते, काठावर तांबूस मातीचे पट्टे उघडे पडतात आणि पलीकडच्या डोंगरांची सावली सकाळच्या उन्हात पाण्यावर लांब पडते. गाडीचे इंजिन बंद केले की शांतता एकदम जाणवते. छायाचित्रे काढणाऱ्यांची येथे गर्दी होते, आणि व्हायलाही हवी; जागा खरोखरच सुंदर आहे. मात्र या पाण्याखाली लोकांची शेते आणि घरांची जोती आहेत, हेही पाहणाऱ्याने मनात ठेवावे.

दुसरा थांबा वरंधा घाटात, वाघजाईच्या मंदिराजवळ. येथे चहा आणि गरम भज्यांच्या टपऱ्या आहेत, कठड्यावर माकडे आहेत आणि समोर कोकणात उतरणारी खोल दरी आहे. सह्याद्रीचा कडा म्हणजे काय, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले येथे डोळ्यांना दिसते : मागे देशावरची सपाटी, पुढे एकाएकी तुटलेली जमीन. पावसाळ्यात दरडी कोसळतात, वाहतूक बंद ठेवावी लागते. म्हणून आम्ही या वाटेने कोरड्या दिवसांतच येतो. वळणे अरुंद आहेत. समोरून एस.टी. आली तर आपण गाडी कडेला घेऊन थांबणेच शहाणपणाचे.

याच वाटेवर एका वर्षी आमच्याजवळचे पाणी संपले. रस्त्यालगत एक घर दिसले. ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. आम्ही पाणी मागितले. "कुठलं म्हणायचं पाव्हणं?" त्यांनी विचारले. आम्ही गाव सांगितले. त्यांनी नावे विचारली, तीही सांगितली. "आन् आडनाव?" आम्ही आडनावे सांगितली. क्षणभर ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी आत हाक दिली आणि सुनेने कळशी आणून आमच्या बाटल्या भरल्या. पाणी थंड होते आणि आम्हांला तहान होती. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, हे सांगणे न्यायाचे होईल. तरीही घाट उतरताना आमच्यापैकी कोणी बराच वेळ बोलले नाही. पाणी मिळाले होते. पण प्रश्न पाण्याच्या आधी आला होता.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत सांगितलेला १९०१ सालचा प्रवास आपण सर्वांनी शाळेत ऐकला आहे. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली ती मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळल्यावर गाडीवाले मिळेनात. दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. जवळ शिदोरी होती, पण पाणी नव्हते, आणि रात्रीच्या मुक्कामाला ते कोणी दिले नाही. पुढे १९३४ मध्ये दौलताबादचा किल्ला पाहायला गेले असता तेथील टाक्याच्या पाण्याने हातपाय धुतल्यावरून बाबासाहेबांना आणि त्यांच्या सोबत्यांना अडवले गेले. तोपर्यंत ते परदेशातील पदव्या घेऊन आलेले विद्वान होते आणि गोलमेज परिषदेला जाऊन आले होते. निसर्गरम्य स्थळ पाहायला निघालेल्या माणसाला त्या काळी वाटेत काय भोगावे लागे, हे या दोन प्रसंगांवरून कळते.

घाट उतरून बिरवाडीमार्गे मुंबई-गोवा महामार्गाला लागले की महाड येते. आम्ही शहरात न थांबता आधी दोन-तीन किलोमीटर पुढे, गांधारपाले येथे जातो. महामार्गालगतच्या टेकडीत सुमारे तीस बौद्ध लेणी कोरलेली आहेत. पायऱ्या चढून वरच्या मोठ्या लेण्याच्या ओसरीत बसले की खालची हिरवी सखल भूमी, नदीचे वळण आणि महाड शहर एका दृष्टिक्षेपात येते. दुपारच्या उन्हातही दगड गार लागतो. महाड हे खाडीमार्गे चालणाऱ्या व्यापाराचे जुने ठिकाण. बंदरातून घाटावर माल नेणाऱ्या वाटांच्या आसपास लेणी कोरली गेली, ती केवळ एकांतासाठी नव्हे. वर्षावासासाठी भिक्षूंना निवारा हवा होता, आणि ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा आधार भिक्षुसंघाला होता. येथील एका ब्राह्मी शिलालेखात विष्णुपालित नावाच्या राजकुमाराने लेणे, चैत्यगृह, खोल्या आणि पाण्याच्या टाक्या दान दिल्याची नोंद आहे. अशा टाकीला कान्हेरीसारख्या ठिकाणच्या शिलालेखांत 'पोढी' हा शब्द येतो. पाण्याची टाकी हे दगडावर नोंदवून ठेवण्याइतके मोठे दान मानले जात होते, ही गोष्ट आम्हांला तेथील कोरीव कामाइतकीच सुंदर वाटते. सम्राट अशोकानेही आपल्या स्तंभलेखात रस्त्यांवर वड लावल्याचे, विहिरी खोदल्याचे आणि माणसांसाठी व जनावरांसाठी पाण्याची सोय केल्याचे कोरून ठेवले आहे.

लेण्यांच्या ओसरीत आम्ही त्रिसरण-पंचशील घेतो, डबे उघडतो आणि उन्हे कलली की शहरात परततो. शेवटचा थांबा चवदार तळे. ते पाहताना प्रथम येणाऱ्याला कदाचित आश्चर्य वाटेल : चारी बाजूंनी शहर, बांधीव काठ, पायऱ्या, मध्ये बाबासाहेबांचा पुतळा. घाटासारखी दरी नाही, जलाशयासारखा विस्तार नाही. पण येथे बसायला वेळ हवा. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये हे तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरीही पाणी घ्यायला कोणी धजावत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी परिषदेहून निघालेली मिरवणूक येथे आली आणि बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. तळे 'बाटले' म्हणून त्यात पंचगव्याच्या घागरी ओतल्या गेल्या. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्येच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा खटला उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च १९३७ मध्ये निकाल आपल्या बाजूने लागला. कागदावरचा हक्क तळ्याच्या पायरीवर उतरवण्यासाठी माणसांना चालत यावे लागले आणि नंतर दहा वर्षे न्यायालयात उभे राहावे लागले.

गांधारपालेची टाकी आणि चवदार तळे यांच्यामध्ये काही मिनिटांचे अंतर आहे. एके ठिकाणी पाणी दान दिल्याची नोंद दगडात आहे. दुसऱ्या ठिकाणी तेच पाणी घेतल्याबद्दल माणसांनी मार खाल्ला. हे दोन्ही एकाच दिवशी, एकापाठोपाठ पाहावे म्हणून आम्ही आधी लेण्यांत जातो आणि मग तळ्यावर येतो. थांबण्याच्या जागेचे सौंदर्य तेथील दृश्यात असते, तसेच तेथे माणसाला कोणत्या रीतीने बसू दिले जाते यातही असते, असे आता आम्ही समजतो.

वसतिगृहात पहाटेची पाण्याची पाळी असे. माठ भरायचे, ओगराळे धुऊन ठेवायचे, आणि कोणीही मागितले तर प्रथम त्याला द्यायचे. तेव्हा ते काम कंटाळवाणे वाटे. त्या घराच्या अंगणातून बाटल्या भरून निघाल्यापासून आमच्या गाड्यांवर पाच-पाच लिटरचे दोन कॅन बांधलेले असतात. घाटात बंद पडलेल्या ट्रकचा चालक, पायी निघालेली शाळकरी पोरे, टपरीवरची माणसे, ज्याला हवे त्याला त्यातून पाणी मिळते. नाव आम्ही नंतर विचारतो, तेही गप्पांसाठी.

शाळेने वरच्या वर्गांतील मुलामुलींची सहल या वाटेने न्यावी, अशी आमची विनंती आहे. पहाटे निघावे. जलाशयाकाठी न्याहारी, वाघजाईजवळ अर्धा तास, गांधारपालेच्या ओसरीत दुपारचे जेवण आणि ऊन उतरल्यावर चवदार तळे, असा क्रम ठेवावा. तळ्याच्या पायरीवर भाषणाची घाई करू नये. मुलांना तासभर नुसते बसू द्यावे. मार्गदर्शनासाठी आम्ही पुढे येऊ, आणि पाण्याचे कॅन आमच्याकडे आहेतच.